राईतली दांडी

फोन आला तेव्हा मी शालनच्या सायकलीला लोखंडी पट्ट्या बसवत होतो. हाताला भुसा लागला होता, म्हणून दोन बोटांनीच फोन उचलला. पलीकडे आमचे व्याही निवृत्तीराव होते. माझी बायको शालन आदल्या दिवशी पाटणला त्यांच्याकडे, म्हणजे आमच्या लेकीच्या सासरी, गेली होती.

“पाव्हणं, काय चाललंय?”

“सायकलीचं काम काढलंय. का हो?”

“हातातलं खाली ठेवा.”

“ठेवलं.”

“कशावर तरी बसा.”

निवृत्तीराव बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होतो, असा माणूस. त्या दिवशी ते दोन वाक्यांत थांबले. सकाळी शालनचं डोकं दुखायला लागलं. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती.

मी फोन ठेवला. पक्कड, आरी, स्क्रू पेटीत भरले. खाली पडलेला भुसा झाडून काढला. मग चप्पल घातली. आधी झाडून का काढलं, ते मला सांगता येणार नाही. शालनला पसारा चालत नसे, एवढंच.

त्या गोष्टीला येत्या नोव्हेंबरात सहा वर्षं होतील.

सायकली आम्ही दोन घेतल्या होत्या, बॅटरीच्या. मी साखर कारखान्यात फिटर होतो आणि ती सरकारी नर्स. दोघंही निवृत्त, दोघांचेही गुडघे गेलेले. जंगलातून तीन दिवसांची सायकलवाट सुरू झाल्याची बातमी तिनेच पेपरातून कापून ठेवली होती. वाटेवरच्या वाड्यांत मुक्काम, जेवण आणि सायकल चार्ज करायची सोय. बातमीतल्या नकाशावर तिनं एका नावावर बोट ठेवलं. उंबरणे.

“बघा, आपल्या वाटेवरच लागतंय. आता तरी दांडी नेता येईल.”

डिसेंबरच्या तारखेची दोघांची नावनोंदणी तिनं करून टाकली. सायकल घरी आली त्या दिवशी ती कॉलनीत चार किलोमीटर फिरली आणि हसतच परत आली. “अहो, चढाला कुणीतरी पाठीला हात लावून ढकलतंय असं वाटतं!” मीटरवर चार किलोमीटर होते. त्यानंतर तिची सायकल चालली नाही.

आता दांडीचं सांगितलं पाहिजे.

आमच्या मागच्या पडवीत छताला दोन दोऱ्यांनी एक दांडी टांगलेली होती. कपडे वाळत घालायची. आठ फूट लांब, मनगटाएवढी जाड. तीस वर्षं माझे शर्ट तिच्यावर वाळले. नोकरीच्या सुरुवातीला शालन दर मंगळवारी डोंगरातल्या वाड्यांवर लसी घेऊन जायची. तिथूनच एकदा जीपच्या टपावर टाकून तिनं ती आणली.

“ही कसली?” मी विचारलं होतं.

“उंबरण्याच्या देवराईतली. देवाचं रान आहे ते. तिथली काडीसुद्धा बाहेर न्यायची नसते. ही गेली, आता परत ठेवायची. दोन खांद्यांवरून बाहेर आली, तशीच दोन खांद्यांवरून आत गेली पाहिजे. एक दिवस रजा काढा.”

मी म्हणालो, हंगाम चालू आहे. हंगाम संपला की यंत्रांची दुरुस्ती निघायची. दुरुस्ती संपली की पाऊस. मग तिची बदली झाली, मुलं मोठी झाली. वर्षातून एकदा, दांडी पुसताना, ती म्हणायची, “ही द्यायची राहिली बरं का.” मी ‘हो’ म्हणायचो.

ती गेली आणि दोन खांद्यांतला एक गेला. एकट्यानं नेऊन ठेवलेली दांडी तिथले लोक घेतील का, हेही मला माहीत नव्हतं.

तेरावा झाल्यावर मी दोन्ही सायकली विकायच्या म्हणून पुसून दारात काढल्या. त्याच दिवशी निवृत्तीराव आले. सायकलीभोवती एक फेरी मारली.

“यातली एक मला.”

“घ्या की. निम्म्या किमतीत देतो.”

“विकत कुणी मागितली? चालवायला पायजे. डिसेंबरात आपण दोघं जायचं. दुसरा खांदा माझा.”

“तुम्हाला जमेल का सायकल?”

“तेवीस वर्षं पोस्टमन होतो, पाव्हणं. पत्रं काय घोड्यावरनं वाटली?”

मला नाही म्हणता आलं नाही. मोठी सायकल मी त्यांना दिली. शालनची मी घेतली. तिला पुढे टोपली होती आणि सीट खाली. दांडी मी सीटखालच्या आणि कॅरिअरच्या पट्ट्यांत आवळली. मागे बाहेर येणाऱ्या टोकाला तिच्या लाल पातळाची चिंधी बांधली, ट्रकमधून सळ्या नेताना बांधतात तशी.

जंगलाच्या नाक्यावर वनरक्षक बाई होत्या. तिशीच्या असतील. त्यांनी वही उघडली.

“वसंत थोरात?”

“मी.”

“शालन वसंत थोरात?”

निवृत्तीरावांनी मिशीवरून हात फिरवला. “मीच.”

बाई हसल्या नाहीत. माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं काय झालं ते. त्यांनी पेन उचललं, शालनच्या नावाखाली ‘निवृत्ती शेवाळे’ लिहिलं आणि वरचं नाव तसंच ठेवलं.

“खोडत नाही,” त्या म्हणाल्या. “राहू दे.”

ती बाई पुन्हा कधी भेटली नाही. पण त्या एका वाक्यासाठी तिचे आभार मानायचं मनात आहे.

मग त्यांचं लक्ष दांडीकडे गेलं. “हे लाकूड कुठलं?”

“इथलंच. आत नेतोय.”

“लोक आतलं बाहेर नेतात, काका. उलटं नेणारे तुम्ही पहिलेच.” त्यांनी फाटक उघडलं. “या सायकलींना आवाज नसतो. गव्याला तुम्ही आलेलं कळत नाही, मग तो बिथरतो. प्रत्येक वळणाला घंटी वाजवायची.”

पहिल्या दिवशी घंटीची फारशी गरज पडली नाही, कारण निवृत्तीराव बोलत होते. पोस्टात असताना कुणाला कुठलं पत्र दिलं, कुणी रडलं, कुणी पेढे दिले, सगळं. वाट चांगली होती. लाल माती, दोन्ही बाजूंनी कारवी, वर जांभळ आणि हिरड्याची झाडं. पेडल मारलं की मोटार हात द्यायची. मीटरवर एक ते पाच आकडे होते. जितका मोठा आकडा, तितका जोर आणि तितकीच बॅटरी लवकर संपणार. मी दोनवर ठेवला होता. निवृत्तीरावांनी पाच लावला आणि सपाटीवर वाऱ्यासारखे पुढे गेले.

“अहो, चढासाठी राखून ठेवा!”

“चढ आला की बघू. तुमचे गुडघे हँडलला का लागतायत? सीट वर घ्या की.”

“असू दे.”

त्यांनी मागे वळून बघितलं आणि पुन्हा सीटचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या चढाच्या मध्यावर त्यांची बॅटरी संपली. पंचवीस किलोची सायकल, वर सामान. ते उतरले आणि ढकलायला लागले. मी पुढे गेलो. चढाला खरंच पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. मी वळणापर्यंत गेलो, थांबलो, मग मीही उतरलो.

“तुमची चालतीय की. जा तुम्ही पुढं,” निवृत्तीराव धापा टाकत म्हणाले.

“चालतो तुमच्याबरोबर.”

“माझ्यासाठी?”

“नाही, तुमचं बोलणं बंद झालंय. गवा आला तर?”

ते इतके हसले की सायकल टेकवून खाली बसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, “पाव्हणं, त्या दिवशी दवाखान्याला मी गाडी वेगानं हाणली हुती. कुठं थांबलो न्हाई.”

“मला माहीत आहे.”

“तुम्ही कधी विचारलं न्हाई, म्हणून सांगितलं.”

मला विचारायचं सुचलंच नव्हतं. ते एवढे दिवस हे सांगायला थांबले होते. मी त्यांना पाण्याची बाटली दिली. आम्ही दोघं सायकली ढकलत वर गेलो.

उंबरण्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दहा-बारा घरं, पुढे नाचणीची कापलेली शेतं. आमचा मुक्काम कोकऱ्यांच्या घरी होता. पन्नाशीच्या पुढची एक बाई अंगणात गोवऱ्या थापत होती. ठकूबाई. तिनं आमच्याआधी दांडीकडे बघितलं. हात तसेच शेणाचे घेऊन जवळ आली.

“ही कुठनं आणली?”

“इथलीच आहे. शालन सिस्टर म्हणून नर्स यायच्या, त्यांनी...”

“सिस्टर कुठायत?” ती आमच्या मागे वाटेकडे बघायला लागली.

मी सांगितलं. ठकूबाई जोत्यावर बसली. थोड्या वेळानं उठली, हात धुतले, आणि आम्हाला पाणी दिलं. “तुम्ही त्यांचं मालक,” असं म्हणाली. विचारलं नाही.

“एकट्यानं आणलेली चालेल का?” मी विचारलं. “ती असती तर...”

“आधी जेवा. सकाळी बघू.”

सकाळी तिचा नवरा बिरूमामा आमच्याबरोबर निघाला. देवराईची पूजा त्याच्याकडे होती. कमी बोलायचा. राई वाडीपासून हाकेच्या अंतरावर होती. कडेला आम्ही चपला काढल्या, सायकली झाडाला टेकवल्या. मी दांडी सोडवायला लागलो. पट्ट्यांचे स्क्रू घट्ट बसले होते, वेळ लागत होता. तेवढ्यात ठकूबाई बोलली.

“मला न्हेत हुती हिच्यावरनं.”

मी हात थांबवला.

“पयलं बाळंतपण. अडलं हुतं. झोळीत घालून चौघं आळीपाळीनं न्हेत हुती खाली रस्त्याला. राईत आलो आन् झोळीचं लाकूड मोडलं. काडकन. मी खाली पडले. आता दुसरं लाकूड कुठनं आणायचं? समद्या झाडांच्या मधी उभी, आन् कुणी हात लावंना. हे बी हुतं त्यात.” तिनं नवऱ्याकडे मान केली.

“हुतो,” बिरूमामा म्हणाला. “कोयता हातात हुता माझ्या. हात उचलंना.”

“सिस्टरनी कोयता हिसकावून घेतला. म्हणल्या, देवाला माझं नाव सांगा. दोन घावात न्हाई तोडता आलं त्यास्नी, शहरातली बाई. दहा-बारा घाव घातलं. हाताला फोड आलं.”

“बाळ?” निवृत्तीरावांनी विचारलं.

“बाळ गेलं. मी राहिले.” तिनं पदर खोचला. “मागनं तीन झाली. थोरलं त्यांच्याच सुईनं वाढलं.”

शालननं यातलं काही मला कधी सांगितलं नव्हतं. दांडी राईतली आहे, एवढंच. मी विचारलं, “मग ती तेव्हाच परत का ठेवली नाही?”

“आम्ही म्हणलं की. दुसरा खांदा काय, आमच्यातला कुणीबी दील. ज्यानं तोडलं त्यो एक असला म्हंजे झालं. तर म्हणायच्या, न्हाई, आमचं मालक येणार हायेत. हंगाम संपला की येणार हायेत. त्यास्नी हे रान दावायचंय मला.”

बिरूमामा म्हणाला, “आन् राईतली वस्तू बाहेर हाय तवर ज्यानं तोडली त्यानं राईतनं चालायचं न्हाई, ही रीत. आम्ही म्हणलं, तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला कशाची रीत? ऐकलं न्हाई. बदली हुईपर्यंत दोन वर्सं डोंगराला वळसा घालून यायच्या. जाताना येताना दीड-दीड तास जादा. बर्फाची पेटी खांद्याला.”

मंगळवार. त्या दोन वर्षांत मंगळवारी शालन घरी यायला आठ वाजायचे. सहाची एसटी चुकायची. मी दारात उभा राहून बोलायचो. सगळ्या जगाच्या पोरांना सुया टोचशील आणि आपली उपाशी ठेवशील, असं एकदा म्हणालो होतो. ती आत जाऊन भाकरी थापायला बसली होती. वळशाचं बोलली नाही. बोलली असती तर तो वळसा कुणामुळे आहे, तेही सांगावं लागलं असतं.

मी स्क्रू काढत राहिलो. शेवटचा निघेना. निवृत्तीरावांनी माझ्या हातातून पान्हा घेतला आणि तो काढला.

दांडी मोकळी झाली. मी मागचं टोक खांद्यावर घेतलं. निवृत्तीराव पुढच्या टोकाला गेले, वाकले, तेवढ्यात ठकूबाईनं त्यांच्या दंडाला हात लावला.

“पाव्हणं, तुम्ही बाजूला व्हा.”

“अहो, त्याचसाठी तर मी एवढ्या लांब...”

“कळतंय मला. पर माझंच वजन हुतं हिच्यावर.”

निवृत्तीराव बाजूला झाले. तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घडी करून ठेवला, त्यावर टोक घेतलं आणि चालायला लागली. मी मागून. आत थंड होतं. पायाखाली पानांचा जाड थर. वेली माणसाच्या मांडीएवढ्या. एवढी मोठी झाडं मी कधीच बघितली नव्हती. ठकूबाई मध्येमध्ये सांगत होती, इथं लाकूड मोडलं. हे झाड, ह्याचीच फांदी. मी थांबून बघितलं. फांदी तोडलेल्या जागी साल वळून गाठ आली होती. तिथून मी शालनच्या वाटेनंच चाललो होतो. तिनं मला रान दाखवायचं ठरवलं होतं आणि ते मी बघत होतो.

राईच्या मधोमध शेंदूर लावलेला दगड होता. आम्ही दांडी त्याच्यापुढे ठेवली. बिरूमामानं नारळ फोडला. मग तो खाली बसला आणि दांडीवरून हात फिरवायला लागला, गुराच्या पाठीवरून फिरवतात तसा. एका टोकाशी कोयत्याचे जुने घाव होते, काळे पडलेले. दुसऱ्या टोकाशी त्याचा हात थांबला.

“ह्ये आरीनं कापलंय.”

त्यानं टोक उजेडाकडे वळवलं.

“ताजं हाय. पांढरं हाय अजून.”

“मी कापलं,” मी म्हणालो. “सायकलीवर लांब होत होती. वळणावर अडकली असती. म्हणून हातभर कापली. त्याच वेळी फोन आला.”

मी फिटर माणूस. वस्तू बसत नसेल तर कापून बसवायची, हेच आयुष्यभर केलं. शालन घरात असती तर आरी हातातून काढून घेतली असती. ती नव्हती.

“तुकडा टाकला का?”

“नाही. पेटीत आहे, घरी.”

“भुसा?”

“झाडून काढला.”

बिरूमामानं बायकोकडे बघितलं. दोघं डोळ्यांनी काय बोलले, कळलं नाही.

“भुशाचं जाऊ द्या,” तो म्हणाला. “पर जेवढं न्हेलं तेवढं समदं परत आलं पायजे. तुकडा आणा.”

निवृत्तीराव लगेच पुढे झाले. “मी उद्याच्या एसटीनं जातो, परवा घेऊन येतो. हाय काय न् न्हाई काय!”

“तुम्ही कशाला?” ठकूबाई म्हणाली. “त्यांनी कापलं, त्यांनीच आणायचा. घाई न्हाई. इतकी वर्सं वाट बघितली रानानं, आणखी बघंल.” मग माझ्याकडे वळली. “म्हंजे तुम्हाला परत यावं लागंल.”

मी हो म्हणालो. पण या वेळी हंगाम नव्हता, दुरुस्ती नव्हती, पाऊसही नव्हता.

जाताना तिनं माझ्या टोपलीत नाचणीच्या भाकऱ्या आणि गुळाचा खडा ठेवला. मी शालनच्या सायकलीवर बसलो. दांडी नव्हती, त्यामुळे सायकल हलकी लागत होती. निवृत्तीरावांनी या वेळी आकडा दोनवर ठेवला. उतारावर ते पुढे होते आणि बोलत होते. मी ऐकत होतो. घरी आल्यावर मी सायकली विकल्या नाहीत.

त्यानंतर मी उंबरण्याला पाच वेळा जाऊन आलो, दर डिसेंबरला. तीन वेळा निवृत्तीराव बरोबर होते. आता त्यांना डोळ्यांमुळे जमत नाही, पण सायकलीत हवा मारून द्यायला येतात आणि चहा गार करून जातात. पहिल्या वर्षी तुकडा मी खरोखर विसरलो. ठकूबाई अंगणातून ओरडली होती, “आणला का?”

“विसरलो.”

“बरं. फुडच्या खेपंला.”

ती अजून दर वर्षी विचारते, आणि हसते. बाहेरच्याला कशाची रीत, असं म्हणत बिरूमामा मला राईतून फिरवून आणतो. त्या फांदीच्या गाठीवर मी हात ठेवतो. मग जेवतो आणि निघतो.

तुकडा हातभर आहे. माझ्या पेटीत, आरीशेजारी. तो राईत नेऊन ठेवायचा अजून राहिला आहे.